खुल्या ग्रंथाची आवृत्ती : एका वचनाचे परीक्षण

१

ग्रंथाचे परीक्षण करावयाचे ते त्यातील प्रतिपादनाचे, त्याच्या आवृत्तीचे नव्हे, असा आपल्याकडील संकेत आहे. आवृत्ती, मुद्रण, शुद्धिपत्र या बाबी प्रकाशकाच्या मानल्या जातात. परीक्षक त्यांचा उल्लेख लेखाच्या शेवटी एखाद्या वाक्यात करतो आणि तोही बहुधा मुद्रणदोषांबद्दल तक्रार करण्यापुरता. प्रस्तुत लेखात हा संकेत जाणूनबुजून मोडला आहे. ज्या ग्रंथाचा येथे विचार करावयाचा आहे त्याच्या बाबतीत आवृत्तीचा प्रश्न हा ग्रंथाबाहेरचा प्रश्न राहत नाही. तो ग्रंथ कोणता, तो आज कोठवर पूर्ण झाला आहे आणि त्याचा आधार घेणाऱ्याने नेमका कशाचा आधार घेतला, हे सारे त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

विचारास निमित्त झाले ते असे. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेत या ग्रंथातील एका विधानाचा आधार पृष्ठांक देऊन घेतला होता. परीक्षकांनी आपल्याजवळील प्रत उघडून पाहिली तेव्हा त्या पृष्ठावर ते विधान नव्हते. विद्यार्थ्याने मूळ ग्रंथ न पाहताच आधार दिला असावा, असा संशय तोंडी परीक्षेत व्यक्त झाला आणि त्या मुलाला बराच वेळ आपल्या प्रामाणिकपणाचे समर्थन करावे लागले. वस्तुतः दोघांच्याही प्रती खऱ्या होत्या. दोघीही 'पहिल्या आवृत्ती'च्याच होत्या. दोष असेल तर तो लेखकाचाच म्हटला पाहिजे, कारण वर्गात तो स्वतः पृष्ठांकानेच संदर्भ सांगत असे. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत पृष्ठे जुळत नाहीत, ही गोष्ट आपल्या ग्रंथविषयक सवयींत बसत नाही. त्या सवयींची फेरतपासणी करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२

ग्रंथाचे नाव 'होमोटोपी टाइप थिअरी : युनिव्हॅलंट फाउंडेशन्स ऑफ मॅथेमॅटिक्स'. विषय गणिताच्या पायाचा आहे. परंतु भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास तो सर्वस्वी परका नाही. पेर मार्टिन-लोफ यांनी मांडलेल्या प्रकार-सिद्धांताचा उपयोग वाक्यार्थाच्या विश्लेषणासाठी करता येतो, हे आर्ने रांता यांनी १९९४ साली 'टाइप-थिअरेटिकल ग्रामर' या ग्रंथात सविस्तर दाखविले. त्याच सिद्धांताचा आकारविज्ञानाच्या अंगाने झालेला विकास प्रस्तुत ग्रंथात आहे. शिवाय, आजवर केवळ चिन्हांच्या साखळ्यांत मांडला जाणारा हा सिद्धांत नेहमीच्या गणिती गद्यात कसा लिहावा, याची एक शैली घडविणे हाही त्याचा उघड उद्देश होता. म्हणून अर्थविचाराच्या वर्गात त्याची पहिली दोन प्रकरणे वाचावयास देणे गैर ठरत नाही.

ग्रंथाच्या निर्मितीची हकिगत अपूर्व आहे. प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत २०१२-१३ हे वर्ष या विषयासाठी राखून ठेवले होते; स्टीव्ह ऑडी, तिएरी कोकां आणि व्लादिमिर व्होएव्होद्स्की हे त्याचे संयोजक. तेथे जमलेल्या सुमारे दोन डझन अभ्यासकांनी सहा महिन्यांहूनही कमी काळात सहाशे पृष्ठांच्या आसपासचा हा ग्रंथ लिहून काढला आणि जून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याचे दोन भाग व अकरा प्रकरणे आहेत. पहिल्या सातांत पाया आहे, उरलेल्या चारांत त्या पायावर उभारलेले गणित. मुखपृष्ठावर कोणाही एका व्यक्तीचे नाव नाही. कर्ता म्हणून त्या वर्षीच्या उपक्रमाचे नाव आहे. मूळ संहिता गिटहब येथे सर्वांस पाहण्यास खुली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे कोणीही ती उतरून घ्यावी, वाटावी, बदलावी. मात्र मूळ कर्त्यांचे श्रेय द्यावे आणि बदललेली संहिताही तितकीच खुली ठेवावी. चूक आढळल्यास कोणीही ती कळवू शकतो, किंबहुना दुरुस्त करूनही पाठवू शकतो.

अशा ग्रंथास 'खुल्या रीतीने रचलेला' म्हणता येईल. छापील ग्रंथाच्या बाबतीत लेखन, मुद्रण आणि वाचन या तीन अवस्था एकामागून एक येतात. येथे त्या एकाच वेळी चालू असतात. वाचक वाचीत असतानाच संहिता दुरुस्त होत असते. हस्तलिखितांच्या काळाशी असलेले याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. फरक एवढाच की, हस्तलिखितात लेखनिकाने केलेला बदल नोंदला जात नसे, येथे प्रत्येक स्वल्पविरामाचीही नोंद राहते.

परंतु नोंद राहणे आणि वाचकाला आधार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजारो बारीक बदलांची नोंद ही इतिहासकाराची सामग्री झाली. वाचकाला हवे असते ते आश्वासन : मी आज ज्या विधानाचा आधार घेतो, ते उद्या त्याच ठिकाणी, त्याच अर्थाने सापडेल काय? या प्रश्नाचे ग्रंथकर्त्यांनी दिलेले उत्तर हा या परीक्षणाचा खरा विषय आहे.

३

ग्रंथाच्या शुद्धिपत्राच्या आरंभी एक छोटे निवेदन आहे. त्याचा आशय असा : किरकोळ दुरुस्त्या जसजशा होतील तसतशा उपलब्ध प्रती बदलत जातील. प्रत्येक प्रतीवर एक खूण छापलेली असेल. तीत प्रथम 'पहिली आवृत्ती' असे शब्द, मग एक अंक आणि मग त्या नेमक्या संहितेची ओळख पटविणारी अक्षरांकांची छोटी मालिका असेल. अंक जितका मोठा तितकी प्रत अलीकडची. पृष्ठांक प्रतीप्रतीत वेगळे असू शकतील. कागदाच्या आकारामुळे आणि पडद्यावर वाचावयाच्या मांडणीमुळे ते तसे आहेतच. मात्र प्रकरणे, विभाग, प्रमेये व समीकरणे यांचे क्रमांक बदलणार नाहीत, आणि दुसरी आवृत्ती निघेपर्यंत नवा गणिती मजकूर घातला जाणार नाही.

हे निवेदन वरवर तांत्रिक वाटते. त्यात आवृत्ती या कल्पनेची एक नवी व्याख्या दडलेली आहे. मराठीत 'आवृत्ती' हा शब्द मूळ धात्वर्थाने पुन्हा वळून येणे, पुनरुक्ती, या अर्थाचा. म्हणून आपल्याकडे निव्वळ पुनर्मुद्रणालाही सर्रास 'दुसरी आवृत्ती' म्हणतात आणि खरी नवी आवृत्ती काढली की 'सुधारून वाढविलेली' असे विशेषण जोडावे लागते. पूर्वापार व्यवहारात आवृत्ती ठरते ती मुद्रणाच्या घटनेने : खिळे पुन्हा जुळविले, आवृत्ती बदलली. येथे खिळेही नाहीत आणि जुळणीही नाही. मग आवृत्तीची सीमा कशाने ठरवावी? ग्रंथकर्त्यांचे उत्तर असे की, ती वाचकाला दिलेल्या वचनाने ठरवावी. जोपर्यंत वचन पाळले जात आहे तोपर्यंत आवृत्ती तीच, मग मधल्या काळात शेकडो प्रती बदलल्या तरी हरकत नाही. वचन मोडावयाचे तेव्हा आवृत्ती बदलली असे जाहीर करावयाचे.

या व्याख्येचा गुण असा की, ती संदर्भ घेणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. दुसऱ्या प्रकरणातील युनिव्हॅलन्सचे गृहीतक २.१०.३ या क्रमांकाने सर्वत्र ओळखले जाते. हा क्रमांक म्हणजे व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकाच वेळी वर्णनही आहे आणि विशेषनामही. 'दुसऱ्या प्रकरणाच्या दहाव्या विभागातील तिसरी नोंद' हे वर्णन झाले. उलट, अभ्यासक जेव्हा निबंधात २.१०.३ एवढेच लिहितो तेव्हा ते विशेषनाम असते, कारण त्याला स्थान सांगावयाचे नसते, वस्तू सांगावयाची असते. मध्ये एक नवी नोंद घातली की वर्णन दुसऱ्याच वस्तूला लागू पडते आणि विशेषनाम खोटे ठरते. पृष्ठांकाला ही दुहेरी भूमिका नाही. तो निव्वळ स्थानवाचक आहे. म्हणून ग्रंथकर्त्यांनी पृष्ठांक सोडून दिला व क्रमांक राखला. त्यांची ही निवड अचूक आहे आणि आमच्या विद्यार्थ्याचा प्रसंग या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच ओढवला.

४

क्रमांक न ढळविता दुरुस्ती करण्याची रीत व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित नसावी. प्राचीनांना सारे काही ठाऊक होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण एक उदाहरण प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. आज आपण त्यांचा निर्देश अध्याय, पाद व सूत्र अशा तीन अंकांनी करतो. ही अंकांची सोय पुढची असली तरी सूत्रांचा क्रम हा शास्त्राचाच भाग आहे. १.४.२ या सूत्राने तुल्यबळ विरोधात नंतरच्या सूत्राला प्राधान्य दिले आहे, आणि ८.२.१ ने पुढील तीन पादांतील कार्ये आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने न घडल्यासारखी मानली आहेत. अशा रचनेत एखादे सूत्र मध्येच घालणे वा हलविणे म्हणजे केवळ मांडणी बदलणे नव्हे. शेकडो शब्दरूपांची सिद्धी त्यामुळे बदलू शकते.

कात्यायनाला सूत्रांत उणिवा दिसल्या तेव्हा त्याने सूत्रपाठ नव्याने लिहिला नाही. त्याने वार्तिके रचली, म्हणजे त्या त्या सूत्राला जोडून पूरक वा दुरुस्तीपर विधाने केली. मूळ सूत्र आपल्या जागी राहिले, दुरुस्ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि पतंजलीच्या महाभाष्यात दोहोंची एकत्र चिकित्सा झाली. पुढे मात्र या शिस्तीत ढिलाई शिरली. काशिकावृत्तीत जो सूत्रपाठ मिळतो त्यातील काही सूत्रांत वार्तिकांतील शब्द मिसळून गेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी महाभाष्याच्या संपादनाच्या निमित्ताने जे काम केले त्यामुळे ही गोष्ट स्पष्टपणे उजेडात आली. म्हणजे दुरुस्ती गुपचूप संहितेत गेली, आणि ती वेगळी काढण्यास हजार वर्षांहून अधिक काळानंतर एका विद्वानाचे परिश्रम खर्ची पडले.

प्रस्तुत ग्रंथाच्या शुद्धिपत्रात प्रत्येक अर्थपूर्ण दुरुस्तीची जागा, ती कोणत्या खुणेच्या प्रतीपासून लागू झाली तो अंक, आणि बदलाचे स्वरूप अशा तीन गोष्टी दिलेल्या असतात. म्हणजे दुरुस्ती संहितेत जाते आणि शिवाय वेगळीही उभी राहते. काशिकेची सोय व कात्यायनाची शिस्त दोन्ही साधल्या आहेत. ग्रंथाच्या या बाजूची स्तुती करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

५

दोष वचनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत नवा गणिती मजकूर नाही, असे ग्रंथकर्ते म्हणतात. पण ती आवृत्ती केव्हा निघेल, कोणती परिस्थिती उद्भवल्यास ती काढणे आवश्यक समजावे आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी निवेदन मौन पाळते. निघालीच तर, असा सूर त्यात आहे. परिणामी २०२३ साली ग्रंथाला दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हाही तो पहिल्याच आवृत्तीत होता.

दरम्यान विषय थांबून राहिलेला नाही. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा युनिव्हॅलन्स हे केवळ गृहीतक होते. त्याला गणनात्मक अर्थ कसा द्यावा हा प्रश्न प्रस्तावनेतच अनुत्तरित म्हणून नोंदविलेला आहे. सिरिल कोहेन, तिएरी कोकां, सायमन ह्यूबर व आंदेर्स मर्टबर्ग यांनी घनाकृती प्रकार-सिद्धांत मांडला. त्यात हे गृहीतक सिद्ध करता येते आणि त्यानुसार गणनाही चालते. आठव्या प्रकरणात त्रिमितीय गोलाच्या चौथ्या होमोटोपी-गटाबाबत ग्रंथ एवढेच सांगू शकतो की, तो अमुक एका संख्येने ठरणारा चक्रीय गट आहे. ती संख्या दोन आहे याची या सिद्धांताच्या चौकटीतली संपूर्ण सिद्धता गिओम ब्रुनेरी यांच्या २०१६ सालच्या प्रबंधात आली. व्होएव्होद्स्की २०१७ साली निवर्तले. मायकेल शुलमन यांनी २०१९ साली या सिद्धांताला किती व्यापक क्षेत्रात अर्थ देता येतो हे दाखविले. यांतील काहीही ग्रंथात येऊ शकत नाही, कारण वचन आड येते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ग्रंथ स्थिर आहे हाच त्याचा गुण नव्हे काय? पाठ्यग्रंथ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. नवे निष्कर्ष निबंधांत वाचावेत, पाया ग्रंथात. शिवाय दुसरी आवृत्ती निघाली तर शेकडो निबंधांतील संदर्भ निकामी होतील. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ग्रंथाने प्रत्येक नव्या सिद्धतेमागे धावावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो प्रश्न प्रस्तावनेत अनुत्तरित म्हणून नोंदविला आहे त्याला मान्य होण्याजोगे उत्तर मिळाल्यावर तो तसाच राहिला, तर नवा वाचक फसतो. स्थैर्य हा गुण खरा. पण ठरवून स्वीकारलेले स्थैर्य आणि कोणी निर्णय घेत नाही म्हणून आलेले स्थैर्य यांत भेद केला पाहिजे.

मुळाशी कर्तृत्वाचा प्रश्न आहे. ग्रंथाचा कर्ता म्हणून एका वर्षाच्या उपक्रमाचे नाव दिलेले आहे आणि ते वर्ष संपले. व्यक्तिनाम गाळण्यात जी नम्रता होती ती आदरणीयच. पण तिची दुसरी बाजू आज दिसते. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार सर्वांना आहे, म्हणून चुका दुरुस्त होतात. नवी आवृत्ती काढण्याचा निर्णय मात्र 'सर्वांनी' घ्यावयाचा असतो, आणि जे सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हा आपल्या गावकीतला जुना अनुभव येथेही लागू पडतो. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करण्यास मन वळवावे लागत नाही. एखादे प्रकरण वगळण्यास किंवा नव्याने लिहिण्यास वळवावे लागते. खुली पद्धत पहिल्या प्रकारच्या कामात समर्थ आहे, दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी तिला आधीच आखून ठेवलेली योजना लागते. ती योजना नसल्याने पोकळी भरली ती स्वतंत्र ग्रंथांनी. एग्बर्ट राइके यांचे याच विषयाचे प्रवेशपर पुस्तक २०२२ साली खुलेपणाने उपलब्ध झाले. ते चांगले आहे, पण ते प्रस्तुत ग्रंथाची दुसरी आवृत्ती नव्हे.

६

इतर खुल्या ग्रंथांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहिल्यास मर्मस्थान अधिक स्पष्ट होते. दोन टोकांची दोन उदाहरणे पुरेत.

'द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा स्टीव्ह क्लाब्निक व कॅरोल निकोल्स यांचा ग्रंथ एका संगणकभाषेचा परिचय करून देतो. त्याला वेळापत्रकाची उणीव नाही. रस्ट भाषेची नवी प्रत दर सहा आठवड्यांनी निघते आणि ग्रंथाची त्या वेळची संहिता तिच्याबरोबर जाते. पण येथे 'आवृत्ती' या एकाच शब्दावर फार भार पडला आहे. भाषेच्याच २०१५, २०१८, २०२१ व २०२४ अशा 'आवृत्त्या' आहेत. त्या वास्तविक भाषेच्या प्रमाणरूपांच्या अवस्था होत. ग्रंथाची जी संहिता पडद्यावर दुसरी आवृत्ती म्हणून ओळखली जात होती, तीच नो स्टार्च प्रेसने २०१८ साली छापली तेव्हा छापील ग्रंथाची पहिली आवृत्ती ठरली. आणि २०२३ सालची छापील दुसरी आवृत्ती भाषेची २०२१ ची आवृत्ती शिकविते. 'दुसऱ्या आवृत्तीत असे सांगितले आहे' या वाक्याचा अर्थ लावण्यास वाचकाला एवढा इतिहास माहीत असावा लागतो. योजना आहे, परंतु ती दुसऱ्याच्या घड्याळावर चालते. भाषेचे वर्ष बदलले की ग्रंथाने बदलावे असा तिचा क्रम आहे; संदर्भ घेणाऱ्याला काय टिकून राहील याचे वचन तीत गौण आहे.

दुसरे टोक 'स्टॅक्स प्रोजेक्ट' हे. कोलंबिया विद्यापीठातील ए. योहान द याँग यांच्या पुढाकाराने बैजिक भूमितीवर रचला जात असलेला हा खुला ग्रंथ सात हजार पृष्ठांच्याही पुढे गेला आहे. त्याला आवृत्त्याच नाहीत. तो अखंड वाढतो. मध्ये नवी विधाने येतात, क्रमांक ढळतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक विधानाला चार अक्षरांकांची एक कायमची खूण दिलेली आहे. विधान कोठेही हलले तरी खूण त्याच्याबरोबर जाते आणि संदर्भ देताना क्रमांकाऐवजी खूण द्यावी असा दंडक आहे. वर वर्णन व विशेषनाम असा जो भेद केला, तो येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला आहे : स्थान सांगण्याचे काम क्रमांकाकडे, नावाचे काम खुणेकडे. भाषाविज्ञानात चिन्ह यादृच्छिक असते असे आपण शिकवितो; ही खूण पूर्णतः यादृच्छिक आहे आणि म्हणूनच टिकाऊ आहे, कारण तिला स्थानाशी बांधणारा कोणताही अर्थ तीत नाही.

यावरून आक्षेपाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचेही निरसन होते. दुसऱ्या आवृत्तीने संदर्भ निकामी होतात ही भीती, एकाच अंकाकडून दोन कामे करून घेतल्यामुळे निर्माण झाली आहे. पहिल्या आवृत्तीतील क्रमांक उद्या निव्वळ नावे म्हणून जपता येतील, आणि नव्या आवृत्तीत प्रत्येक विधानाशेजारी त्याचे जुने नाव छापता येईल. अडचण तांत्रिक नाही, ठरविणाऱ्याची आहे.

७

योजना म्हणजे काय, याचे उदाहरण शोधण्यास पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा एकदम अंतिम संहिता छापली नाही. १९२३ साली नारायण बापूजी उत्गीकर यांनी संपादिलेले विराटपर्व प्रायोगिक स्वरूपात काढून ते अभ्यासकांपुढे टीकेसाठी ठेवले. त्या अनुभवाचा उपयोग करून, १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली काम नव्या पद्धतीने सुरू झाले. आदिपर्वाचा पहिला अंश १९२७ साली बाहेर पडला, आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, आणि संपूर्ण संहिता १९६६ साली. सुखटणकर १९४३ साली दिवंगत झाले; त्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर व पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी मुख्य संपादकाची जबाबदारी वाहिली. संपादक बदलले, योजना बदलली नाही.

आणखी एक तपशील लक्षणीय आहे. आदिपर्व छापून झाल्यावर त्याची एक अतिशय जुनी नेपाळी प्रत सुखटणकरांच्या हाती आली. १९३८ च्या सुमारास त्यांनी तिची माहिती व तिच्या आधारे संहितेची फेरतपासणी संस्थेच्या नियतकालिकातील स्वतंत्र लेखात दिली. श्लोकांक तेच राहिले, नवा पुरावा नोंदला गेला, आणि ज्याने १९३३ ची प्रत वापरली तो उघड्यावर पडला नाही. तसेच, मूळ संहितेत न घेतलेल्या ओळींना तारांकित असे वेगळेच अंक दिलेले असल्यामुळे त्यांचाही निर्देश निःसंदिग्धपणे करता येतो.

अर्थात ही तुलना सर्वांशी जुळत नाही. महाभारताच्या संपादकांना जुनी संहिता शोधावयाची होती. प्रिन्स्टनच्या गणितज्ञांना नवी घडवावयाची होती. एकाचे काम पूर्ण होऊ शकते, दुसऱ्याचे स्वभावतःच अपूर्ण राहते. पण म्हणूनच तुलनेतून निघणारा निष्कर्ष अधिक भारी ठरतो. जे काम एके दिवशी संपणारच होते त्यालादेखील चाचणीची प्रत, अंशशः प्रसिद्धी, पूरक नोंदी आणि उत्तराधिकार यांची व्यवस्था आवश्यक वाटली. जे काम कधीच संपणार नाही त्याला ती किती अधिक आवश्यक आहे!

८

प्रस्तुत ग्रंथाविषयीचा निर्णय आता थोडक्यात सांगता येईल. त्याच्या कर्त्यांनी प्रत व आवृत्ती यांतील भेद जितक्या स्वच्छपणे केला तितका फार थोड्या ग्रंथांत आढळतो. प्रत नित्य बदलावी, आवृत्ती बदलू नये. पृष्ठांक सोडावा, क्रमांक राखावा. दुरुस्ती करावी आणि नोंदवावीही. या तीन नियमांसाठी हा ग्रंथ कोणत्याही विभागाने आदर्श म्हणून समोर ठेवावा. परंतु आवृत्ती हे वचन असेल तर वचनाला मुदत व जामीन दोन्ही हवेत. ग्रंथाने वचन दिले, पण ते कधी पुरे झाले असे मानावे आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगितले नाही. त्यामुळे पहिली आवृत्ती विश्वासार्ह राहिली आणि दुसरी जन्मालाच आली नाही.

हा विचार आपल्या विभागापुरताही उपयोगी आहे. भाषाविज्ञानाच्या मराठी परिभाषेचे किंवा मराठी व्याकरणाचे एखादे खुले पाठ्यपुस्तक अनेकांनी मिळून रचावे, ही कल्पना आपल्या बैठकांतून अधूनमधून निघते. ती प्रत्यक्षात यावी अशी लेखकाची मनःपूर्वक इच्छा आहे. पण पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी चार गोष्टी एका पानावर लिहून ठेवाव्यात. पहिली, संदर्भासाठी कोणता अंक वापरावयाचा आणि तो कधीही बदलणार नाही याची हमी. दुसरी, दुरुस्त्यांची नोंद कोठे व कशी होईल. तिसरी, नवी आवृत्ती कोणत्या कारणाने काढावयाची. ठराविक वर्षांनी, की ठराविक प्रमाणात मजकूर कालबाह्य झाल्यावर. चौथी, ते ठरविणारे संपादक कोण, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोण येईल. पहिल्या तीन गोष्टी उत्साहाच्या भरात कोणीही लिहील. चौथी लिहिताना लेखणी अडखळेल, कारण तीत आपण स्वतः तेथे नसण्याची कल्पना करावी लागते.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रसंगापासून आरंभ केला त्याने पुढे आपल्या प्रबंधिकेतील सर्व संदर्भ पृष्ठांक खोडून क्रमांकाने लिहिले आणि ग्रंथाच्या नावापुढे आपल्या प्रतीवरील खूण नोंदविली. त्याचे ते पान आता वर्गात नमुना म्हणून दाखविले जाते. विद्यार्थ्याने आपल्या बाजूचे कर्तव्य केले आहे. उरलेले ग्रंथ रचणाऱ्यांनी करावयाचे आहे.